घोड्यांना रोज जंतनाशक : विक्रीपूर्वी विचार हवा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या सुमारास परभणी-नांदेड भागातील अश्वपालक औषधालयात येऊन घोड्याच्या खुराकात रोज घालण्यासाठी वावडिंग मागतात. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ असे म्हणून आपणही ते देतो. या सवयीचा फेरविचार व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरकाचार्यांनी कृमिघ्न द्रव्यांत विडंगाला अग्रस्थान दिले, हे खरे. परंतु त्याच संहितेच्या विमानस्थानात कृमिचिकित्सेचा क्रम अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन असा सांगितला आहे. औषध हे या क्रमातील एक अंग होय. अखंड सेवनाचा आहार नव्हे.

रोजच्या मात्रेचा अनुभव आधुनिक पशुवैद्यकाने घेतला आहे. अमेरिकेत पायरँटेल टार्ट्रेट किलोमागे २.६४ मिलिग्रॅम या मात्रेत रोज खाद्यातून देण्याची पद्धत होती. औषध सतत संपर्कात राहिले की दुबळे कृमी मरतात, तग धरणारे उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. आज लहान स्ट्राँगाइल कृमींत पायरँटेलला व बेंझिमिडाझोल गटाला प्रतिकार आढळतो. म्हणूनच २०१३ मध्ये तेथील अश्ववैद्यक संघटनेने ठरावीक अंतराने सरसकट औषध देण्याऐवजी विष्ठेतील अंडी मोजून निर्णय घेण्याची शिफारस केली.

विडंगाबाबत आणखी एक सावधगिरी हवी. भावप्रकाशातील गर्भनिरोधक योगात पिंपळी व टंकणासोबत विडंग आहे. उंदरांवरील प्रयोगांत विडंगातील एम्बेलिनमुळे शुक्रनिर्मिती घटल्याचे दिसले आहे. उंदरावरून घोड्याचा निष्कर्ष थेट काढता येत नाही. तरीही पैदाशीच्या घोडीला वा वळूला ते महिनोन्‌महिने देणे शहाणपणाचे नाही. त्यात बाजारात विडंगाच्या नावाने मिर्सिन व मेसा या वनस्पतींची फळे मिसळली जातात. माल ओळखून न घेता रोजच्या मात्रेची हमी आपण कशाच्या बळावर देणार?

घोडा हा आपला रुग्ण नव्हे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास दिला आहे. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अश्वपालकास विष्ठेचा ताजा नमुना घेऊन पशुवैद्यकाकडे पाठवावे. औषधानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी मोजली की गुण आला की नाही, हेही कळते.

निदानपरिवर्जन मात्र आपण निःशंक सांगावे : लीद वरचेवर उचलावी, चारा जमिनीवर टाकू नये, शिंगरांना स्वच्छ जागा द्यावी. औषधालय चालकांनी ‘रोज द्या’ हे दोन शब्द आपल्या तोंडून काढून टाकावेत. एक पुडी कमी विकली जाईल. परंतु विडंगासारखे उत्तम द्रव्य निष्प्रभ व बदनाम होण्यापासून वाचेल.