वयाच्या मानाने

नोव्हेंबर १९७७. तोक्योतल्या एका सभागृहात प्रेक्षकांच्या खुर्च्यांमधूनच एक म्हातारी उठते. अंगावर जुनाट झगा, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा थर. ती हळूहळू रंगमंचाकडे चालू लागते. ही म्हातारी म्हणजे ७१ वर्षांचे नर्तक काझुओ ओनो. १९२९मध्ये, व्यायामशिक्षणाचे विद्यार्थी असताना, त्यांनी अंतोनिया मेर्से म्हणजेच ‘ला आर्खेंतिना’ हिचा स्पॅनिश नाच पाहिला होता. ती १९३६मध्ये गेली. दरम्यान ओनोंची काही वर्षे सैन्यात गेली, काही मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवण्यात. पहिला स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी त्रेचाळिशीच्या आसपास केला, आणि १९७७पूर्वीची जवळजवळ दहा वर्षे तर ते मंचापासून दूरच होते. मग हा एकल प्रयोग आला, अर्धशतकापूर्वी एकदाच पाहिलेल्या नर्तकीसाठी रचलेला. दिग्दर्शक तात्सुमी हिजिकाता त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान.

वयस्क नर्तकाचा एकल प्रयोग पाहून बाहेर पडताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘या वयातही काय नाचतात!’ त्या ‘ही’मध्ये कौतुक असते, आणि थोडा अपमानही. पाहुणा नातवंडाच्या चित्राला ‘छान’ म्हणतो, त्याच जातीचे हे कौतुक. प्रश्न असा की, अशा प्रयोगाला वयाची सवलत द्यावी का? आणि द्यायची नसेल, तर नर्तकाने थांबावे केव्हा?

थांबावे म्हणणाऱ्यांची बाजू भावनाशून्य म्हणून उडवून लावता येत नाही. मार्था ग्रॅहॅम पंचाहत्तरीच्या आसपास मंचावरून उतरल्या, तेव्हा संधिवाताने त्यांचे हात वाकडे झाले होते. ज्या भूमिका त्यांनी उमेदीत स्वतःसाठी घडवल्या, त्या सोडणे त्यांना फार जड गेले. त्यांनी हेक्युबा या वृद्ध राणीची भूमिकाही रचली होती, म्हणजे वयाला साजेसे काम सुचत नव्हते असे नाही. पण स्वतःच्या तरुण रूपाशी स्पर्धा सुरू झाली, की प्रेक्षक समोरचा नाच पाहत नाही, हरवलेला शोधत बसतो. आपल्याला हे नवे नाही. बालगंधर्व उतारवयातही नायिका रंगवत राहिले. पण तिथे रसिकाला डोळे मिटून गाणे ऐकता येत होते. नाचापुढे ती सोय नाही.

दुसऱ्या बाजूचे लोक लगेच बैठकीच्या लावणीचा दाखला देतात. यमुनाबाई वाईकरांची अदाकारी आठवा, बसल्या जागी नजर आणि हात एवढ्यावर उभी राहणारी. अभिनय वयाबरोबर मुरतो, हे खरेच. तरी हा दाखला मला पुरेसा वाटत नाही. लावणीला शब्द असतात, शब्दांमागे चाल असते, आणि ती चाल ओळखणारा श्रोता असतो. समकालीन एकल नृत्याला यातले बहुधा काहीच नसते. मंचावर एक देह आणि त्याचे वजन. गुडघा कुरकुरला तर तेही दिसते.

पण ते दिसण्यातच या प्रकाराची ताकद असू शकते. उडी गेली तरी वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे उरते, आणि ते सावकाश करायला तरुण देहाला फारसे कारण नसते. मुंबईचे अस्ताद देबू (१९४७–२०२०) सत्तरीकडे झुकल्यावरही नाचत होते. त्यांच्या संथ गिरक्यांमध्ये तोल सांभाळण्याचे कष्ट झाकलेले नसत, आणि कष्टांचे प्रदर्शनही नसे. ओनोही आर्खेंतिनाची हुबेहूब नक्कल करत नव्हते. ते तिची आठवण नाचत होते, आणि आठवण पन्नास वर्षांची व्हायची तर देहही तेवढा जुना हवाच. पंचविशीच्या नर्तकाला हा प्रयोग कितीही तालीम करून जमला नसता. पुढे चालणे अवघड झाले तेव्हा ओनो खुर्चीत बसून नुसत्या हातांनी नाचले.

एक तक्रार मात्र उरते, आणि ती तरुणांची आहे. सभागृहे थोडी, तारखा थोड्या, आणि त्याही नावाजलेल्यांना. यावर हॉलंडमध्ये १९९१ साली यीर्झी किलियान यांनी चाळिशीपुढच्या नर्तकांसाठी वेगळा संघच काढला. तो २००६पर्यंत चालला. उपक्रम मोलाचा, पण वेगळे दालन केले की वेगळा गुणफलकही मागून येतोच.

आमचा कौल असा: वय ही पात्रता नाही आणि सवलतही नाही. हाच नाच तरुण देहाने अधिक चांगला केला असता असे वाटले, तर तसे लिहावे. सत्तरीच्या नर्तकालाही खऱ्या समीक्षेचा हक्क आहे. आणि दुसऱ्या कोणालाच तो जमला नसता असे वाटले, तर ‘या वयातही’ हे शब्द गाळून तेही लिहावे. आयोजकांना एवढीच विनंती, की जाहिरातीत नर्तकाच्या नावापुढे वय छापू नका. त्या जागी प्रयोग किती मिनिटांचा आहे ते छापा.