हायवेवर ढाबा आहे, ईव्ही चार्जर बसवायचाय? आधी वीजबिल बघा

राष्ट्रीय महामार्ग 53 भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्यातून जातो. राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची, असं राज्याचं 2025 चं ईव्ही धोरण म्हणतं. म्हणजे इथल्या ढाबे, लॉजवाल्यांना संधी आहे. त्यासाठी वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केलंय.

अडचण आहे ती वीजबिलावरच्या ‘मंजूर भारा’ची. 7.4 किलोवॅटचा एसी चार्जर सिंगल फेजवर चालतो, पण 40 किलोवॅट-तासांची बॅटरी भरायला त्याला पाच-सहा तास लागतात. मुक्कामी गिऱ्हाईक असलेल्या लॉजला तेवढा पुरतो. चहा पिऊन निघणाऱ्याला तो काय कामाचा? त्याला डीसी फास्ट चार्जर हवा. पण 60 किलोवॅटचा एकच बसवला तरी ढाब्याची जुनी जोडणी पुरत नाही. थ्री फेज, वाढीव भार, कधी कधी नवा ट्रान्सफॉर्मरही लागतो, आणि हा खर्च चार्जरच्या कोटेशनमध्ये बहुधा नसतो.

म्हणून महावितरणकडे अर्ज आधी, चार्जरची ऑर्डर नंतर. चार्जिंगसाठी वीजदराची वेगळी वर्गवारी आहे, तेव्हा मीटरही वेगळा मागा. आणि पार्किंगमध्ये यंदा पेव्हर ब्लॉक बसवणार असाल, तर खालून केबलचा पाइप आत्ताच टाकून घ्या.