बाळाच्या शीचा रंग विचारा

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



लहान मुलावर यकृत प्रत्यारोपण झालं की त्याची बातमी होते आणि वाचणारा प्रत्येक जण सुखावतो. १९९८ साली दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग बसवला गेला. भारतातलं मुलांमधलं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. पण माझी विनंती या शस्त्रक्रियेच्या खूप आधीच्या काळाबद्दल, बाळाच्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल आहे.

त्या मुलाला बिलियरी अ‍ॅट्रेशिया होता. जगभरात मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण हाच आजार आहे. यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळ्या बंद होतात, पित्त आतच साचतं आणि यकृत कडक होत जातं. उपचार झाले नाहीत तर बहुतेक मुलं दोन वर्षांचीही होत नाहीत. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. बंद नळ्या काढून आतडं थेट यकृताला जोडायचं. जन्मापासून ६० दिवसांच्या आत ती झाली, तर पित्त वाहू लागण्याची आशा चांगली असते. पुढे अनेकांना प्रत्यारोपण लागतंच. पण तोवर मूल वाढतं, अंग धरतं, आणि काहींना स्वतःचंच यकृत कितीतरी वर्षं साथ देतं.

हे ६० दिवस हातचे जातात, कारण आजार साध्या काविळीसारखा दिसतो. 'कोवळ्या उन्हात धरा, उतरेल' असं घरचे सांगतात, कधी दवाखान्यातही तेच ऐकायला मिळतं. बाळ दूध पितं, खेळतं, म्हणून शंका येत नाही. खरी खूण लंगोटात असते: शी पांढरट किंवा मातकट, लघवी गडद पिवळी. १४ दिवसांनंतरही कावीळ राहिली, तर रक्तातल्या डायरेक्ट बिलिरुबिनची तपासणी व्हायलाच हवी.

तैवानने २००४पासून देशभर प्रत्येक आईच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं आणि वेळेत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं.

आपल्याकडे त्यासाठी नवी यंत्रणाही नको. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात. सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस असतो. मुदत संपण्याआधी बाळ आपल्याच माणसांच्या नजरेखालून इतक्या वेळा जातं!

म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर शीच्या रंगांची पट्टी छापा. आशाताईंच्या प्रत्येक भेटीत 'शीचा रंग कसा आहे?' हा प्रश्न सक्तीचा करा. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतल्या जन्मजात दोषांत हा आजार नाही. राज्याने तो जोडावा. पांढरट शीचं बाळ कोणत्या रुग्णालयात, किती दिवसांत पोहोचवायचं, हे प्रत्येक जिल्ह्यात आधीच ठरलेलं असू द्या.

आणि ज्यांना प्रत्यारोपण लागेल, त्यांची साथ शस्त्रक्रियेवर थांबवू नका. यकृताचा भाग बहुधा आई किंवा वडीलच देतात. तेवढे दिवस त्यांची मजुरी बुडते. मुलाची औषधं तर आयुष्यभराची. हा भार एकट्या कुटुंबावर पडू नये.

रंगपट्टी कार्डांच्या पुढच्याच छपाईत येऊ शकते. तो आदेश आपण काढावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक नागरिक