'नवाच घे ना' म्हणणाऱ्यांना

ऑक्टोबरमध्ये माझ्या सर्फबोर्डाला भोक पडलं. जागा गोव्यातला आश्वेचा किनारा, चूक शंभर टक्के माझी. ओहोटी लागली होती, खडक वर यायला लागले होते, तरी 'अजून एकच लाट' म्हणून थांबलो. बोर्ड आपटला आणि त्याच्या कडेला पेढ्याएवढं भोक पडलं. आतला पांढरा फोम दिसायला लागला.

संध्याकाळपर्यंत तीन सल्ले मिळाले. पहिला मित्राचा, व्हॉट्सअ‍ॅपवर: 'नवाच घे ना.' दुसरा एका दुकानदाराचा: 'हे घरी करायचं काम नाही.' तिसरा आईचा, पुण्याहून: 'त्या केमिकलच्या नादाला लागू नकोस. कुणालातरी पैसे दे आणि करून घे.'

तिघंही माझ्या भल्याचंच बोलत होते. पण तिन्ही सल्ले चुकीचे आहेत असं माझं म्हणणं आहे, आणि ते फक्त सर्फबोर्डापुरतं नाही.

'नवाच घे ना'

आधी बोर्ड म्हणजे काय ते बघू. आत फोम. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड, म्हणजे फायबरग्लास. कापडात मुरवून कडक केलेलं रेझिन. बस, एवढंच. यातलं रेझिन एकदा कडक झालं की पुन्हा वितळत नाही. पाण्याची प्लास्टिकची बाटली वितळवून तिचं दुसरं काहीतरी करता येतं. रेझिनचं तसं नाही. भाजलेल्या भाकरीचं पुन्हा पीठ होत नाही, तसंच हे.

म्हणून भंगारवाला रद्दी नेतो, पत्रा नेतो, बाटल्या नेतो, पण तुटका बोर्ड नेत नाही. तो कुठेतरी पडून राहतो. उन्हाने पिवळा पडतो, त्याचे तुकडे होतात, ते पावसात वाहून जातात. कुठे जातात ते सांगायला नको. आपण बांबूचा टूथब्रश वापरतो, किनारा सफाईचे फोटो टाकतो, समुद्रावरच्या प्रेमाच्या कॅप्शन लिहितो. आणि जिच्यावर बसून हे प्रेम करतो ती वस्तू पेढ्याएवढ्या भोकासाठी टाकून द्यायला तयार असतो. ज्या वस्तूचा पुनर्वापर जवळजवळ अशक्य आहे, तिची दुरुस्ती करणं हाच तिचा पुनर्वापर.

'हे घरी करायचं काम नाही'

हे वाक्य सर्फिंगचा इतिहास माहीत नसलेला माणूसच बोलू शकतो.

हवाईत बोर्ड लाकडाचे असत. कोआचे, किंवा उलूचे. उलू म्हणजे आपल्या कोकणातला नीरफणस. पाण्यातून आल्यावर बोर्ड वाळवायचा, तेल लावायचं, कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवायचा, ही तिथली रीत होती. लाटेवर उभं राहणं आणि फळीची निगा राखणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं नव्हती.

फायबरग्लास आलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमान उद्योगातून. ते बोर्डावर चढवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत कॅलिफोर्नियाचा बॉब सिमन्स होता. तो कॅलटेकमध्ये शिकलेला, पण बोर्ड स्वतःच्या हाताने बनवायचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड बाजारात आणले. आज ज्याला 'एक्स्पर्टचं काम' म्हणतात ते सगळं अशा गॅरेजांत, चिकट हातांनी, चुका करत करत शोधलं गेलंय.

याच क्लार्कची पुढची गोष्टही ऐका. त्याची क्लार्क फोम ही कंपनी इतकी मोठी झाली की अमेरिकेतले बहुतेक बोर्ड तिच्याच फोमपासून बनायचे. ५ डिसेंबर २००५ला, सोमवारी, त्याने गिऱ्हाइकांना एक फॅक्स पाठवला: कारखाना बंद केलाय. पर्यावरणाचे नियम, खटल्यांची भीती अशी कारणं त्यात होती. सर्फिंगच्या जगात तो दिवस 'ब्लँक मंडे' म्हणून ओळखला जातो. बोर्डांच्या किमती चढल्या, धंदेवाले हवालदिल झाले. सगळ्यांनी एकाच दारात उभं राहायची सवय लावून घेतली की दार बंद झाल्यावर असं होतं.

आता काम. मी काय केलं ते सांगतो, म्हणजे कठीण किती आणि सोपं किती ते तुम्हीच ठरवा.

बोर्ड आधी सुकवायचा. चार-पाच दिवस, सावलीत, भोक खालच्या बाजूला करून. कडक उन्हात ठेवलात तर आतली हवा फुगते आणि वरचं कवच फोमपासून सुटतं. मग आतला फोम कोणता ते बघायचं. बारीक, पावासारखा असेल तर पॉलियुरेथेन. गोल दाणे दिसले तर थर्माकोलच्या जातीचा. थर्माकोलवर स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन चालत नाही, एपॉक्सीच लागतं. गणपतीच्या मखरावर कधी स्प्रे पेंट मारला असेल तर थर्माकोलला कसे खड्डे पडतात ते तुम्ही पाहिलंय. इथेही तेच होतं. फोम ओळखता आला नाही तर एपॉक्सी घ्या, ते दोन्हीवर चालतं. मात्र त्याचं डब्यावर लिहिलेलं प्रमाण तंतोतंत पाळा.

माझा बोर्ड जुना, पॉलियुरेथेनचा. मोडकं कवच कापून काढलं. भोकाभोवती दोन-तीन सेंटिमीटर ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासलं. रेझिनमध्ये काचेचे बारीक कापलेले धागे कालवून भोक भरलं. ते कडक झाल्यावर सपाट घासून वर कापडाचे दोन तुकडे, दुसरा पहिल्यापेक्षा थोडा मोठा. शेवटचा हात मेण मिसळलेल्या रेझिनचा, कारण साधं पॉलिस्टर रेझिन हवेत वरून चिकटच राहतं. मग १२०, २२०, ४०० अशा चढत्या नंबरांच्या पेपरने घासणं.

पहिला प्रयत्न फसला. हार्डनर १०० ग्रॅम रेझिनला साधारण एक ग्रॅम पुरतं, विशेषतः आपल्या उकाड्यात. मी 'लवकर वाळू दे' म्हणून अंदाजाने तिप्पट ओतलं. पाच मिनिटांत डबा हातात धरवेना, धूर निघाला, फोम करपला. भोक पेढ्याचं लाडवाएवढं झालं. दुकानदाराला हे कळलं असतं तर तो हसला असता, आणि ते योग्यच होतं. पण दुसऱ्यांदा चुकलो नाही.

धोके लपवणार नाही. हार्डनर डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल. रेझिनच्या दुकानात बऱ्याचदा कोबाल्टची जांभळी बाटली वेगळी मिळते. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचं नाही, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मगच हार्डनर. घासताना काचेची धूळ उडते, तिच्यासाठी धुळीचा मास्क. रेझिनच्या वाफेत स्टायरीन असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली त्याला 'माणसात बहुधा कर्करोगजनक' या गटात टाकलंय. त्याला कापडी मास्क उपयोगाचा नाही, वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा लागतो. आणि 'घरी' म्हणजे अंगणात किंवा गच्चीवर. वन बीएचकेच्या बंद बाल्कनीत करणार असाल तर दुकानदाराचंच ऐका. बोर्ड मधोमध मोडला असेल किंवा फिनचा खाचा उखडला असेल, तरीही.

'कुणालातरी पैसे दे'

आईच्या सल्ल्यावर मी सर्वांत जास्त विचार केला, कारण तो सर्वांत शहाणा वाटतो.

रेझिन कालवायला मी शिकलो ते सीमेपलीकडे शिरोड्याला, एका काकांकडून. ते फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरने घेतली, तेव्हापासून हे काम गावोगाव आहे. साहित्य तेच: रेझिन, हार्डनर, काचेचं कापड. मी बोर्ड दाखवला. त्यांनी अंगठ्याने भोक दाबलं, बोट हुंगलं आणि म्हणाले, "आदी सुकांदे. पाणी आत रवला तर वरसून कायव लाव, काय उपेग नाय."

त्यांच्या हातात हातमोजे नव्हते. तोंडाला रुमाल होता. वाऱ्याकडे पाठ करून बसले होते, एवढीच खबरदारी.

तेव्हा मला आईच्या वाक्याचा अर्थ लागला. 'केमिकलच्या नादाला लागू नकोस, कुणालातरी पैसे दे' म्हणजे केमिकल नाहीसं होत नाही. माझ्या वाट्याचं स्टायरीन दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत जातं. ते मला घातक असेल तर त्यालाही घातकच आहे. पैसे दिल्याने फक्त मला ते बघावं लागत नाही.

आमच्या घरात तीन इंजिनिअर आहेत आणि भिंतीत खिळा ठोकायला सोसायटीच्या वॉचमनला बोलावतात. यात कुणालाच काही खटकत नाही. हाताची कामं कुणी करायची हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या जन्मावरून ठरलं. आता आपण जात मानत नाही म्हणतो, पण ज्याचे हात चिकट होतात त्याला 'पोरगा' म्हणतो, मग तो पन्नाशीचा का असेना. 'पोराला बोलव, तो करेल.' आणि त्याने पाचशे मागितले की 'एवढ्याशा कामाचे?'

एवढंसं काम आहे हे आपल्याला कुठून कळलं? आपण ते कधी केलेलंच नाही.

माझा मुद्दा पैसे वाचवण्याचा नाही. मास्क धरून माझं सामान अडीच हजारांचं झालं, करून घेतलं असतं तर कदाचित स्वस्त पडलं असतं. कारागिराचं काम हिरावून घ्या असंही मी म्हणत नाही. मोठं काम निघेल तेव्हा मी त्याच्याकडेच जाणार. पण एकदा स्वतः करा. मग समोरचा माणूस नेमकं काय विकतोय ते कळेल: किती ग्रॅम, किती मिनिटं, किती वाफ. मी तेव्हापासून घासाघीस करत नाही.

दुसऱ्या खेपेला काकांसाठी माझ्यासारखाच मास्क घेऊन गेलो. त्यांनी तो घेतला, खोक्यात ठेवला आणि रुमालच बांधला. घामाने जीव जातो म्हणाले. खरंच आहे. मी तो वीस मिनिटं लावतो, त्यांना त्यात दिवस काढायचा असतो. एका मास्कने हा प्रश्न सुटत नाही. पण तो आहे, हे निदान मला आता माहीत आहे.

बोर्ड पुन्हा पाण्यात गेलाय. ठिगळ पिवळट दिसतं, हात फिरवला की थोडं उंच लागतं. पाणी आत जात नाही.

तुमच्या बोर्डाला भोक पडेल तेव्हा ग्रुपवर फोटो टाकायची घाई करू नका. पाण्यातून लगेच बाहेर या. वर टेप मारून आत पाणी कोंडू नका. गोड्या पाण्याने धुवा, भोक खाली करून सावलीत उभा ठेवा. तो सुकेपर्यंत चार-पाच दिवस आहेत. तेवढ्यात गावात फायबरचं काम कोण करतं ते शोधा, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.