वेग उपजत, संधी दैवाधीन?

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगावची मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट मांडतात. त्यांपैकी एखाद्याच्या हाताला विलक्षण वेग असला, तर तो ओळखणार कोण? शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील उमेश यादव यांची कारकीर्द या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्याजोगी आहे.

वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचे ते चिरंजीव. पोलीस व सैन्यातील नोकरीसाठी केलेली त्यांची खटपट निष्फळ ठरली. विशी गाठेपर्यंत ते टेनिसच्या चेंडूनेच खेळत होते. हा चेंडू जेमतेम ५८ ग्रॅमचा; सामन्याचा चामडी चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा, आणि त्याच्या शिवणीवर बोटे ठेवण्याचे तंत्र तर सर्वस्वी निराळे. इतर गोलंदाज जे बालवयात गिरवतात, ते यादव यांना तारुण्यात शिकावे लागले. तरीही २००८ मध्ये त्यांनी रणजी पदार्पण केले आणि २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध खेळून विदर्भाचा पहिला कसोटीपटू होण्याचा मान मिळवला. २०१५ च्या विश्वचषकात त्यांनी १८ बळी घेतले. भारतीय गोलंदाजांत ते सर्वाधिक होते. २०२३ पर्यंतच्या ५७ कसोटींत त्यांच्या नावावर १७० बळी जमा झाले.

गुणवत्ता असली की वाट सापडतेच, असे म्हणणारे या कारकिर्दीचा दाखला देतील. वस्तुतः ती याच्या उलट सांगते. पोलीस भरतीत त्यांची निवड झाली असती, तर हा वेग कोणाच्याही नजरेस न येता विरून गेला असता. जे एका योगायोगावर अवलंबून राहिले, त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. दीर्घकाळ दुबळा गणला गेलेला संघ नियमित प्रशिक्षणाने काय साधतो, हे त्यातून दिसले. परंतु ते प्रशिक्षण मुख्यतः नागपुरातच एकवटलेले आहे. तुमसर तालुक्यातही डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथेही कामगारांची मुले वाढत आहेत. तालुक्यागणिक एक मॅटिंगची खेळपट्टी, चामडी चेंडू आणि चौदाव्या वर्षीच मुलाचा वेग हेरून पुढे कळवणारा शिक्षक, एवढीच त्यांची गरज आहे.

यादव यांचा गौरव करावयाचा तर सत्कार समारंभ पुरेसे नाहीत. त्यांना ज्या योगायोगाची वाट पाहावी लागली, ती पुढच्या मुलावर येऊ नये, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.