उद्यानातील सारंगागार आणि अवेळी होणारी वृक्षछाटणी यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण

विषय : तळ्याकाठच्या सार्वजनिक उद्यानात पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात होणारी फांद्यांची छाटणी कायमची थांबवण्याबाबत व अनुषंगिक मागण्यांबाबत.

संदर्भ : याच विषयावरील यापूर्वीची निवेदने, त्यांच्या पोचा व प्रशासनाची उत्तरे.

महोदय,

वरील विषयावर परिसरातील नागरिकांनी गेल्या काही पावसाळ्यांत दिलेल्या प्रत्येक निवेदनाची रीतसर पोच मिळाली, प्रत्येकावर आवक क्रमांक पडला, अर्ज उद्यान विभागाकडून विद्युत विभागाकडे आणि तेथून ‘अभिप्रायार्थ’ पुन्हा उद्यान विभागाकडे वर्ग झाला, ऑनलाइन तक्रारींपुढे ‘निकाली’ असा शेराही उमटला; छाटणी मात्र ज्या आषाढ-श्रावणात होऊ नये अशी विनंती होती त्याच आषाढ-श्रावणात होत राहिली. प्रस्तुत निवेदनातील मुख्य मागणी तीच आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि झाडांचे संरक्षण व जतन यांविषयीचा राज्याचा १९७५ चा अधिनियम यांतील तरतुदी वृक्ष प्राधिकरण चालवणाऱ्या कार्यालयास नव्याने सांगण्याचे कारण नाही. एका मुद्द्याचा अपवाद मात्र करावा लागतो, कारण मागील लेखी उत्तरात ‘उद्यानात शिकारीचा कोणताही प्रकार आढळून आला नाही’ एवढे नमूद करून विषय संपवण्यात आला होता. १९७२ च्या अधिनियमाच्या कलम २(१६) मध्ये ‘शिकार’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणे आणि त्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करणे या कृतीही स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. आणि बगळे, ढोकरी व पाणकावळे यांना मिळालेले संरक्षण ते अभयारण्यात घरटे बांधतात की महापालिकेच्या उद्यानात, यावर अवलंबून ठेवलेले नाही. फांदीवर करवत चालवणाऱ्या मजुराचा तसा हेतू नसतो हे मान्य करता येईल. परंतु झाडावर घरटी असल्याचे लेखी कळवल्यानंतर दिल्या गेलेल्या कार्यादेशाबाबत अनवधानाचा बचाव कितपत टिकेल, याचा विचार विधी विभागाने अवश्य करावा.

उद्यानाच्या तळ्याकडील बाजूस असलेल्या जुन्या चिंचा, एक पिंपळ आणि कुंपणालगतचे विलायती शिरीष यांवर दरवर्षी सारंगागार वसते. सारंगागार म्हणजे पाण्याच्या आसपास राहणाऱ्या पक्ष्यांची, बहुधा एकाहून अधिक जातींची, थोड्याच झाडांवर दाटीने वसलेली घरट्यांची वसाहत होय. येथे गायबगळा, वंचक किंवा भुरा बगळा, रातढोकरी आणि लहान पाणकावळा हे चार पक्षी एकमेकांच्या शेजारी घरटी करतात, आणि रातढोकरी रात्रीची शिकारीस निघणारी असल्याने ही झाडे विणीच्या काळात अहोरात्र जागी असतात. नर काटक्या आणतो, मादी त्या रचते. रचना इतकी विरळ असते की खालून पाहणाऱ्यास घरट्याच्या बुडातून आकाश दिसते, आणि हेच या प्रकरणातील दुर्दैव आहे, कारण झाडाकडे एकदा वर मान करून पाहणाऱ्या पर्यवेक्षकास ही घरटी रिकामी, जुनी, वाऱ्याने अडकलेला केरकचरा अशी वाटू शकतात. अंडी उबवण्यास साधारण तीन ते साडेतीन आठवडे लागतात. त्यानंतर पिल्लांना उडता येईपर्यंत आणखी पाच-सहा आठवडे जातात, आणि त्यातील उत्तरार्धात पिल्ले घरट्यात न थांबता भोवतालच्या फांद्यांवर चोच व पाय यांच्या आधाराने चढउतार करीत असतात. सर्व जोड्या एकाच दिवशी घरटी सुरू करीत नसल्याने, जूनमध्ये गजबजलेले झाड सप्टेंबर संपेपर्यंत, कधी त्यानंतरही, मोकळे होत नाही.

या वेळापत्रकात करवत शिरली की काय होते, हे गेल्या पावसाळ्यात पुन्हा दिसून आले. चिंचेच्या तळ्याकडे झुकलेल्या ज्या फांद्या तोडण्यात आल्या त्या वाळलेल्या नव्हत्या, वीजवाहिनीला लागलेल्या नव्हत्या आणि पायवाटेवरही आलेल्या नव्हत्या; त्या जाड होत्या, आणि छाटणीतून निघणारे लाकूड ठेकेदारच घेऊन जात असल्याने त्यांच्या निवडीचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. प्रवेशद्वाराशेजारी रचलेल्या फांद्यांच्या ढिगात फिकट निळसर-हिरव्या अंड्यांची कवचे, अर्धवट गिळलेल्या माशांचे ओकलेले गोळे आणि पिसे पुरती न फुटलेली, अंगावर राठ केसांसारखे तंतू असलेली पिल्ले होती. त्यांपैकी काही जिवंत होती आणि नागरिकांनीच ती खोक्यांत घालून उपचारासाठी पोचवली. न तोडलेल्या फांद्यांवरील घरट्यांचीही त्यामुळे सुटका झाली नाही. दिवसभराच्या आवाजाने मोठे पक्षी उठून गेले, आणि उघडी पडलेली अंडी कावळ्यांनी व घारींनी उचलली. एका फांदीचे नुकसान एका घरट्यापुरते राहत नाही, ते संपूर्ण वसाहतीवर पसरते, ही गोष्ट मोजमाप पुस्तकात तोडलेल्या फांद्यांचा घेर लिहून व्यक्त होत नाही. पंचनामा करण्याची विनंती त्याच दुपारी करण्यात आली होती. पंचनाम्यासाठी कर्मचारी आले तेव्हा टेम्पो ढीग घेऊन गेलेला होता, आणि ‘जागेवर मृत पक्षी आढळले नाहीत’ हे वाक्य त्यामुळे अक्षरशः खरे ठरले.

हा एखाद्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा असता तर इतक्या निवेदनांची आवश्यकता पडली नसती. दोषाचे मूळ निविदेच्या कालक्रमात आहे. छाटणीच्या कामास ‘पावसाळापूर्व’ असे नाव असले तरी त्याचे अंदाजपत्रक नव्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीतून करायचे, एप्रिल-मेमध्ये निविदा काढायची, तीत मुदतवाढ द्यायची आणि जूनच्या मध्यास कार्यादेश निघाला की ठेकेदाराने देयक अडकू नये म्हणून जुलै-ऑगस्टपर्यंत काम उरकायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. अशा रीतीने पावसाळापूर्व काम नेमके पावसाळ्यात, आणि तेही वसाहत सर्वाधिक भरलेली असताना होते. वादळात फांद्या पडून अपघात होऊ नयेत हा छाटणीचा मूळ हेतूही त्यातून साधत नाही, कारण वळवाचे वारे मे महिन्यातच येऊन गेलेले असतात. कायदा, निधी वा मनुष्यबळ यांपैकी कशाचीही येथे उणीव नाही. कामाचा महिना चुकतो आहे, आणि तो बदलण्यासाठी एका स्वाक्षरीपलीकडे काही लागत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेमुळे दुर्गंधी सुटते, बाकांवर व उभ्या वाहनांवर घाण पडते, अशा तक्रारीही प्रशासनाकडे येतात आणि फांद्या उतरवण्यामागे त्यांचा दबाव असतो, हे निवेदनकर्ते नाकारीत नाहीत. दुर्गंधी खरी आहे. तथापि तिच्यावर बाक व वाहनतळ चार महिन्यांसाठी हलवणे, झाडाखालची पायवाट दोरी लावून बंद ठेवणे आणि जमीन वेळच्या वेळी झाडून घेणे हे उपाय उपलब्ध आहेत, आणि ते मागील निवेदनांत सविस्तर सुचवलेलेही आहेत. पुणे जिल्ह्यात इंदापूर येथे तहसील कचेरीच्या आवारातील चिंचांवर चित्रबलाकांची वसाहत आहे. तिच्याखाली सातबाराचे उतारे आणि दाखले यांचे कामकाज चालते, तेव्हा पक्षी आणि सरकारी कार्यालय यांना एकत्र नांदता येत नाही असे म्हणता येणार नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील कोक्करे बेल्लूर या गावाने चित्रबलाक व झोळीवाले यांना घरांलगतच्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. तमिळनाडूतील वेदांतंगलचे उदाहरण तर या निवेदनाच्या दृष्टीने अधिकच बोधक आहे : तेथील ग्रामस्थांनी तळ्यावरील पक्ष्यांची शिकार थांबवावी म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कलेक्टराकडे अर्ज केला आणि त्यांना संरक्षणाचा लेखी आदेश मिळाला. पक्ष्यांच्या विष्ठेने समृद्ध झालेले तळ्याचे पाणी शेतीस उपकारक ठरते हा ग्रामस्थांचा अनुभव त्या अर्जामागे होता. परक्या राजवटीतील कलेक्टरास वन्यजीव अधिनियम उपलब्ध नसताना जे करता आले, ते लोकनियुक्त संस्थेस तो उपलब्ध असताना का करता येऊ नये, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो.

आश्वासनांची कमतरता या प्रकरणात कधीच नव्हती. जून ते ऑक्टोबर या काळात घरटी असलेल्या झाडांना हात लावला जाणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. त्याचे परिपत्रक काढण्याचे पुढील भेटीत मान्य झाले. त्यानंतर परिपत्रकापूर्वी संयुक्त स्थळपाहणी, म्हणजे उद्यान, विद्युत व वन या तीनही विभागांच्या प्रतिनिधींनी नागरिकांसह एकत्र केलेली पाहणी, आवश्यक असल्याचे कळवण्यात आले. आणि पाहणीचा दिवस ठरल्यावर अधिकाऱ्यांची बदली झाली म्हणून ती पुढे ढकलण्यात आली. ती पाहणी आजतागायत झालेली नाही, परिपत्रकही निघालेले नाही. घरट्यांच्या झाडांवर ओळखीचे फलक लावण्याचे जे आश्वासन सर्वांत सोपे होते, त्याचीही गत तीच झाली. मात्र त्याच चिंचेच्या खोडाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक खिळे ठोकून लावण्यात आला आणि तो दोन सण उलटेपर्यंत तेथे होता.

या पार्श्वभूमीवर मुख्य मागणी अशी की, सारंगागार असलेल्या झाडांवर १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात फांद्यांचा विस्तार कमी करण्याचे कोणतेही काम करू नये, असा लेखी आदेश वृक्ष प्राधिकरणाच्या ठरावासह काढावा आणि ती अट निविदेच्या मसुद्यातच, भंग झाल्यास देयक रोखण्याच्या तरतुदीसह, अंतर्भूत करावी. छाटणीसाठी वार्षिक निविदेऐवजी दोन वर्षांचा दरकरार करावा, म्हणजे नव्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीची वाट न पाहता डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात काम पूर्ण करता येईल. या महिन्यांतही काही पक्षी घरटी करतातच, त्यामुळे वर्षातील कोणत्याही काळात छाटणीपूर्वी झाडाची पाहणी करून तिची नोंद ठेवणे अनिवार्य करावे. खरोखर धोकादायक झालेल्या, मोडलेल्या किंवा वीजवाहिनीवर टेकलेल्या फांदीस या बंदीतून वगळण्यास कोणाचीही हरकत नाही. परंतु तो धोका छायाचित्रासह लेखी नोंदवलेला असावा, तेवढीच फांदी उतरवली जावी आणि त्या वेळी वन विभागाचा कर्मचारी उपस्थित असावा. छाटणीच्या लाकडावरील ठेकेदाराचा हक्क काढून घ्यावा. राहून गेलेली संयुक्त स्थळपाहणी मे महिन्यापूर्वी करावी, आणि तिचे इतिवृत्त नागरिकांना द्यावे.

अन्य मागण्या थोडक्यात अशा की, उद्यानात पालापाचोळा जाळणे बंद करून त्याचे खत करावे. झाडांच्या बुंध्यापर्यंत घातलेले काँक्रीट काढून भोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी, ज्याविषयी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीसंदर्भात निर्देश दिलेले आहेत. तळ्याकाठचे प्रखर दिवे रात्री १० नंतर मालवावेत. आणि घरी पाळलेली परदेशी कासवे व मासे तळ्यात सोडण्यास मनाई करणारा फलक लावावा. वृक्षगणनेची या उद्यानापुरती माहितीही उपलब्ध करून द्यावी.

पुढील निविदा प्रसिद्ध होण्यापूर्वी मुख्य मागणीबाबतचा आदेश निघावा, अशी विनंती आहे. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर यापुढे उत्तर म्हणून स्वीकारता येणार नाही. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५५ नुसार कोणत्याही व्यक्तीस न्यायालयात फिर्याद दाखल करण्याचा अधिकार आहे, मात्र त्यापूर्वी तिने किमान ६० दिवसांची नोटीस देणे आवश्यक असते. येत्या हंगामात घरटी असलेल्या झाडावर पुन्हा करवत चालल्यास ही नोटीस त्याच आठवड्यात बजावण्यात येईल. तिचा मसुदा तयार आहे.

कळावे,

निवेदनकर्ते,
उद्यान परिसरातील रहिवासी व उद्यानाचे नित्य वापरकर्ते

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. उपवनसंरक्षक
मा. उद्यान अधीक्षक