रुग्णालयातल्या संसर्गाचे आकडे नावानिशी जाहीर करा

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा विषय निघाला, की बोलणे लगेच नव्या प्रतिजैविकावर येते. स्टॅफिलोकोकस ऑरियसचा इतिहास पाहता या आशेवर विसंबता येत नाही. पेनिसिलिनला हा जंतू दाद देईना म्हणून १९५९ मध्ये मेथिसिलिन आले. १९६१ मध्ये त्यालाही पुरून उरणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले. तोच आजचा ‘एमआरएसए’. आयसीएमआरच्या पाहणीतल्या मोठ्या रुग्णालयांत तपासलेल्या ऑरियसच्या नमुन्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक याच जातीचे निघाले आहेत. पण रुग्णालयात तो पसरतो मुख्यतः हातांवरून: एकाचे ड्रेसिंग सोडलेला हात न धुता शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या सलाईनला लागतो, एवढे पुरते. ही वाट अडवायला नवे औषध लागत नाही.

इंग्लंडने ते करून दाखवले. रक्तातल्या एमआरएसए संसर्गाची नोंद तिथल्या सरकारी रुग्णालयांना २००१ पासून सक्तीची झाली, आकडे नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले आणि २००४ मध्ये ते निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. २००३-०४ मधले सुमारे ७,७०० रुग्ण २००८-०९ मध्ये तीन हजारांच्या आत आले. हात स्वच्छ करण्याची मोहीम, शिरेतल्या नळ्यांची निगा असे बरेच काही एकाच वेळी झाले, त्यामुळे कशाचे श्रेय किती हे नेमके सांगता येणार नाही. तरीही माझ्या मते जाहीर आकड्यांचा धाक निर्णायक ठरला, कारण हात धुवायचे असतात हे त्याआधीही सगळ्यांना ठाऊक होतेच.

आपल्याकडे वॉर्ड ओसंडून वाहतात, परिचारिका अपुऱ्या आहेत, हा आक्षेप खरा आहे आणि भरती टाळायला कोणतीच सबब चालणार नाही. मात्र हात चोळण्याचे द्रावण महाग नाही. अल्कोहोल, ग्लिसरीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडपासून रुग्णालयातच ते बनवण्याची कृती जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: बदनामीच्या भीतीने रुग्णालये तपासण्याच करणार नाहीत, आणि अत्यवस्थ रुग्ण घेणारी मोठी रुग्णालये विनाकारण वाईट दिसतील. म्हणूनच संसर्गाच्या आकड्याशेजारी किती रुग्णांचे ब्लड कल्चर केले हेही छापले पाहिजे, म्हणजे तपासणी टाळणारे लपणार नाहीत. आणि तुलना सारख्याच प्रकारच्या रुग्णालयांमध्ये, रुग्णांच्या मुक्कामाच्या दिवसांच्या प्रमाणात व्हावी. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. सुरुवात तिथूनच आणि याच वर्षी करावी. खासगी रुग्णालयांना त्यानंतर एका वर्षाची मुदत पुरेशी आहे.